सिरॅमिक कंपोझिटचे बार खडूसारखे मोडतायत? घनता मोजण्याआधी मोडलेला भाग बघा

"कार्बन फायबर आणि सिलिकॉन कार्बाइडचे बार केलेत. सात सायकल झाल्या, घनता मस्त आलीय. पण बेंडिंगला शंभर मेगापास्कलच्या वर जातच नाही. अजून किती सायकल देऊ?"

हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. विचारणारा कधी एम.टेक.चा विद्यार्थी असतो, कधी नुकतीच भट्टी बसवलेला इंजिनिअर. प्रत्येकाला मी तेच सांगतो: एकही सायकल देऊ नका. मोडलेले तुकडे फेकले नसतील तर ते घेऊन उजेडात बसा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं.

नव्याने या कामात आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. पीआयपी (पॉलिमर इन्फिल्ट्रेशन अँड पायरोलिसिस) पद्धतीत कार्बन कापडाच्या थप्पीत पॉलिकार्बोसिलेनसारखं पॉलिमर भिनवतात. ते आरगॉनमध्ये हजार-अकराशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं (हेच पायरोलिसिस) की त्याचं सिलिकॉन कार्बाइड होतं. फायबरना धरून ठेवणारं हे सिरॅमिक म्हणजे मॅट्रिक्स. आत उरलेल्या पोकळ्यांत पुन्हा भिनवायचं, पुन्हा तापवायचं. भिनवणं आणि तापवणं मिळून एक सायकल; अशा सहा ते दहा कराव्या लागतात. मी बारा वर्षं हेच काम करतोय, त्यामुळे खालचं बरंचसं याच पद्धतीबद्दल आहे. वितळलेलं सिलिकॉन वापरणाऱ्यांसाठी पुढे वेगळं लिहिलंय.

आधी एक हिशोब करा. टी-३०० या कार्बन फायबरची ताकद साधारण ३,५०० मेगापास्कल. बारमध्ये ४० टक्के फायबर आहेत आणि कापड साधं विणलेलं आहे, म्हणजे ताणाच्या दिशेला त्यातले निम्मेच. ३,५०० गुणिले ०.४ गुणिले ०.५ म्हणजे ७०० मेगापास्कल. विणीतल्या वळणांमुळे, हाताळणीमुळे, भट्टीमुळे त्यातलं बरंच जातं, हे धरूनच चालायचं. तरी नीट जमलेल्या बॅचला बेंडिंगमध्ये तीनशे-चारशे मिळतात. शंभरच मिळाले तर फायबरनी भार घेतलेलाच नाही. मॅट्रिक्सला भेग गेली आणि ती तशीच सरळ फायबर कापत गेली. पोकळ्या दोन-चार टक्क्यांनी कमी-जास्त असल्याने एवढा फरक पडत नाही.

म्हणूनच 'अजून एक सायकल' हा उपाय बहुतेक वेळा उलटा पडतो. मॅट्रिक्स फायबरला घट्ट चिकटलेलं असेल, तर ते आणखी भरल्याने सगळा बार एकसंध दगड होतो. घनता वाढते, कडकपणा वाढतो आणि ताकद होती तिथेच राहते किंवा घसरते.

तुकडा हातात घेतल्यावर काय बघायचं

दहा पटीचं भिंग पुरेसं आहे. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप मिळाला तर उत्तमच, पण त्याची वाट बघत आठवडा घालवू नका.

खडू मोडावा तसा सपाट, स्वच्छ काप दिसत असेल, बोट फिरवल्यावर काहीच टोचत नसेल, तर मॅट्रिक्स आणि फायबर यांची पकड जास्त झालीय. मोडताना आवाजही तसाच येतो, एकदाच 'टक्'. मशीनवरचा आलेख सरळ वर चढतो आणि सरळ खाली कोसळतो.

केरसुणीच्या टोकासारखे फायबर बाहेर आलेले दिसत असतील, काही लांब, काही आखूड, तर बार हवा तसा मोडलाय. असा बार मोडण्याआधी बराच वेळ बारीक कुरकुरतो. आलेख वर जाताना वाकतो आणि माथ्यावरून पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. असं तुटूनही आकडा कमी असेल, तर पकड ठीक आहे, फायबरच कमजोर झालेत. हा वेगळा आजार आहे, त्यावर पुढे.

तिसरा प्रकार म्हणजे वहीची पानं सुटावीत तसे थर सुटतात. बार मधोमध तुटत नाही, कडेने फाकतो. इथे दोन शक्यता असतात आणि त्यातली पहिली चाचणीचीच चूक असते. तीन बिंदूंच्या बेंडिंगमध्ये थरांमधला कातरताण (थर एकमेकांवरून सरकवणारा ताण) काढायचं सूत्र सोपं आहे: बेंडिंगचा ताण गुणिले जाडी, भागिले स्पॅनची (दोन टेकूंमधल्या अंतराची) दुप्पट. बार ३ मिलिमीटर जाडीचा, स्पॅन २० मिलिमीटर आणि बेंडिंगचा ताण ३०० मेगापास्कल असेल, तर कातरताण साडेबावीस मेगापास्कल होतो. पीआयपीने केलेल्या कितीतरी थप्प्या तेवढ्याला थरांत सुटतात. तोच बार ६० मिलिमीटर स्पॅनवर ठेवला तर कातरताण साडेसात. म्हणजे बार चांगला असूनही आखूड स्पॅनमुळे नापास व्हायचा. एएसटीएम सी १३४१ हे मानक याच कामासाठी आहे. स्पॅन जाडीच्या किमान सोळापट ठेवा, बत्तीसपट ठेवता आला तर अधिक चांगलं. साध्या सिरॅमिकच्या छोट्या बारसाठी असलेला फिक्स्चर कपाटात आहे म्हणून तोच वापरू नका.

स्पॅन पुरेसा असूनही पानं सुटत असतील, तर थरांच्या मध्ये मॅट्रिक्स पोहोचलेलं नाही किंवा वायूने ते फुगवून टाकलंय. तेही पुढे येईलच.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण नवीन माणूस तिथे हमखास घाबरतो. कार्बन–सिलिकॉन कार्बाइडचा बार घासून मायक्रोस्कोपखाली ठेवला की मॅट्रिक्समध्ये ठरावीक अंतरावर आडव्या भेगा दिसतात. या असायच्याच. कार्बन फायबर लांबीच्या दिशेने तापमानाबरोबर जवळपास बदलतच नाही. सिलिकॉन कार्बाइड मात्र दर अंशाला दहा लाखांत साडेचार भाग आखडतं. हजार अंशांवरून खाली येताना त्याला ०.४५ टक्के आखडायचं असतं, फायबर ते आखडू देत नाही आणि मॅट्रिक्स ०.१ टक्क्याच्या आसपासच फुटतं. त्यामुळे भेगा बंद करण्याच्या मागे लागू नका. त्या फायबरपाशी येऊन वळतायत की फायबर चिरून पुढे जातायत, एवढंच बघा.

खडू: पकड जास्त होण्याची कारणं

अ‍ॅव्हेस्टन, कूपर आणि केली यांनी १९७१ मध्येच मांडलं होतं की ठिसूळ मॅट्रिक्सला भेगा पडल्या तरी फायबर भार धरून ठेवू शकतात. त्यासाठी फायबर त्या भेगेपाशी थोडे सरकायला हवेत. पुढे १९८९ मध्ये मिंग-युआन हे आणि जॉन हचिन्सन यांनी त्याला आकडा दिला. फायबर आणि मॅट्रिक्सचा कडकपणा सारखा असेल, तर त्यांच्यामधला सांधा उघडायला लागणारी ऊर्जा फायबर तोडायच्या ऊर्जेच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी हवी. त्याहून जास्त असेल तर भेग वळत नाही, सरळ जाते.

हा कमकुवत सांधा मुद्दाम घडवावा लागतो. कार्बन फायबरवर पॉलिकार्बोसिलेन थेट भिनवून तापवलं तर ते पृष्ठभागाला घट्ट धरतं. म्हणून आधी कापडावर पायरोकार्बनचा पातळ थर चढवतात, ०.१ ते ०.५ मायक्रॉनच्या दरम्यान. मिथेन किंवा प्रोपेन कमी दाबाखाली हजार अंशांच्या आसपास कापडातून जातो आणि कार्बन मागे ठेवतो. हा कार्बन पापुद्र्यांचा असतो, भेग त्या पापुद्र्यांतून वाट काढत वळते.

अडचण अशी की हा थर डोळ्यांना दिसत नाही. काळ्या कापडावर काळा थर. 'कोटिंग केलं' असं नोंदवहीत लिहिलेलं असतं, पण किती बसलं हे कुणी मोजलेलं नसतं. ते वजनावरून कळतं आणि त्यासाठी ताजव्याखेरीज काही लागत नाही. टी-३००चा एक फायबर ७ मायक्रॉन जाडीचा, घनता १.७६. पायरोकार्बनची घनता १.९ धरली, तर १०० ग्रॅम कापडावर ०.०५ मायक्रॉनच्या थराला साधारण ३ ग्रॅम लागतात, ०.१ ला ६, ०.१५ ला साडेनऊ आणि ०.२ ला साडेबारा. हे चार आकडे भट्टीच्या दारावर चिकटवून ठेवा.

आमच्याकडे घडलेलं सांगतो. एका वर्षी ओळीने तीन बॅच अशाच गेल्या. आधीच्या बॅचला २८० च्या आसपास मिळत होते, या तिन्ही शंभरच्या आत. घनता मात्र पूर्वीपेक्षा चांगली होती, म्हणून संशय पॉलिमरवर गेला. नवीन डबा उघडला, फरक नाही. सायकल वाढवल्या, फरक नाही. दोन महिने गेले. शेवटी एका संध्याकाळी तुटलेला बार खिडकीपाशी धरून बघत होतो, तेव्हा लक्षात आलं की काप इतका गुळगुळीत आहे की त्यावर विणीची नक्षी दिसतेय. कापडावर दिसावा तसा ताणा-बाणा, एकाच पातळीत कापलेला. एकही फायबर वर आलेला नव्हता.

मग कोटिंगच्या नोंदी काढल्या. आधीच्या बॅचमध्ये कापडाचं वजन नऊ टक्क्यांच्या वर वाढलेलं. या तीनमध्ये कोटिंगनंतर वजनच केलेलं नव्हतं. उरलेलं कापड कपाटात होतं. त्याच्याच गठ्ठ्यातलं कोटिंग न केलेलं कापड सायझिंग (कारखान्यातून येणारा इपॉक्सीचा लेप) काढून, मोजून कापलं आणि दोन्हींचं समान क्षेत्रफळाचं वजन केलं. फरक तीन टक्के. म्हणजे ०.१५ च्या जागी ०.०५ मायक्रॉन.

कारण भट्टीत सापडलं. आतलं ग्रॅफाइट फेल्ट (उष्णता अडवणारं अस्तर) बदललं होतं आणि परत बसवताना थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) हीटरच्या तीन-चार सेंटिमीटर जवळ गेलं होतं. ते १०३० अंश दाखवत होतं, पण कापडापाशी तापमान साठेक अंशांनी कमी होतं. मिथेनमधून कार्बन बसण्याचा वेग तापमानाला फार संवेदनशील असतो. साठ अंश उतरले तर तो तिसऱ्या हिश्शावर येऊ शकतो. वेळ तेवढाच ठेवल्यावर थरही तिसरा हिस्साच बसला. थर्मोकपल जागेवर आणलं, पुढच्या बॅचला नऊ टक्के वजन वाढलं आणि बार पुन्हा कुरकुरत मोडायला लागले. पॉलिमरचा तो डबा अगदी चांगला होता.

तेव्हापासून भट्टीच्या आत हात घातला की दुसरं, सुटं थर्मोकपल कापडाच्या जागी ठेवून एक रिकामी फेरी घेतो. दिवस जातो खरा, पण दोन महिने वाचतात.

उलट बाजूही आहे. वेग वाढवायला तापमान किंवा दाब वाढवला, तर कार्बन टोच्या (हजारो फायबरच्या एका जुडग्याच्या) बाहेरच्या फायबरवर जाड बसतो आणि आतल्या फायबरपर्यंत वायू पोहोचण्याआधीच संपतो. सरासरी वजन बरोबर येतं, पण टोच्या पोटातले फायबर उघडेच राहतात. अशा बारच्या तुटलेल्या भागात प्रत्येक टोच्या कडेला केरसुणी आणि मध्ये खडू दिसतो. उपाय म्हणजे दाब आणि तापमान उतरवून जास्त वेळ देणं. थर मायक्रॉनच्या वर गेला तर पकडच सुटते. फायबर लांबलचक, अगदी स्वच्छ बाहेर येतात, पण मॅट्रिक्सकडून त्यांच्यावर भार जात नाही.

सायझिंगचं काय? बाजारातल्या कार्बन कापडावर एक टक्क्याच्या आसपास इपॉक्सीचं सायझिंग असतं. ते न काढता कोटिंग केलं तर खाली अर्धवट जळलेला कार्बन राहतो आणि वजनाचा हिशोबही चुकतो. नायट्रोजन किंवा आरगॉनमध्ये सहाशे-सातशे अंशांवर काढा, किंवा अ‍ॅसिटोनमध्ये धुवा. हवेत तापवून काढायचा मोह टाळा. सायझिंग जातं, पण चारशेच्या पुढे फायबरलाही हवा लागायला सुरुवात होते, आणि त्याच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट चिकटतात ते पॉलिमरला आणखी घट्ट धरतात.

कोटिंगची सोय नसेल तर? कापड आधी आरगॉनमध्ये सोळाशे-अठराशे अंशांना तापवून घेतात. पृष्ठभागावरचे हे गट निघून जातात आणि पकड थोडी सैल होते. कोटिंगची बरोबरी यात नाही, पण अगदी उघड्या कापडापेक्षा बरं.

केरसुणी चांगली, आकडा कमी: फायबरच खराब

इथे पहिला संशय ऑक्सिजनवर घ्या. कार्बन फायबर चारशे-पाचशे अंशांपासून हवेत झिजायला लागतो. भट्टीत आरगॉन आहे म्हणून निश्चिंत राहू नका. सिलिंडर ९९.९९९ टक्के शुद्ध असतो, पण दाराचं ओ-रिंग, नळीचे जोड आणि फेल्टमध्ये मुरलेली ओल तेवढ्या शुद्ध नसतात. पावसाळ्यात आमची भट्टी चार दिवस बंद राहिली, की पहिल्या फेरीत हा त्रास दिसतो. म्हणून आधी एक रिकामी फेरी चालवतो आणि मगच बार ठेवतो.

तपासायचा सोपा मार्ग असा: सायझिंग काढलेल्या कापडाचा तुकडा मिलिग्रॅमपर्यंत वजन करून नेहमीच्या पायरोलिसिसच्या फेरीत एकटाच ठेवा. बाहेर काढल्यावर वजन अर्ध्या टक्क्याहून जास्त घटलं असेल तर हवा शिरतेय. मायक्रोस्कोपखाली असे फायबर कडेला सुईसारखे निमुळते आणि अंगावर खड्डे असलेले दिसतात. सुरुवातीला तीनदा व्हॅक्यूम करून आरगॉन भरा, आणि बारच्या आधी, वायू येतो त्या बाजूला, बोटीत (छोट्या तबकात) टायटॅनियम स्पंज ठेवा. उरलासुरला ऑक्सिजन तो घेतो.

दुसरं कारण दाबाचं. फायबरचं प्रमाण वाढवायला थप्पी करकचून दाबली की जिथे ताणा-बाणा एकमेकांवरून जातात तिथे फायबर चेंगरतात. शिवाय एकमेकांना चिकटलेल्या फायबरांमध्ये कोटिंगही नाही आणि मॅट्रिक्सही नाही. ४० ते ४५ टक्क्यांच्या पुढे जाताना फार जपून. भिनवायच्या मिश्रणात सिलिकॉन कार्बाइडची भुकटी घालत असाल तर तिचे कण एक मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून बारीक ठेवा आणि गुठळ्या फोडून घ्या. जाड कण टोच्या आत शिरत नाहीत, वरच अडतात आणि दाबाखाली फायबर खरवडतात.

फायबर नक्की कुठल्या पायरीला मार खातोय हे शोधायला माझी एक सवय सांगतो. मी तिला 'साक्षीदार टो' म्हणतो. प्रत्येक पायरीला, म्हणजे सायझिंग काढताना, कोटिंगला, पायरोलिसिसला, बारच्या शेजारी सहा-सात सुटे टो ठेवायचे. पायरी झाली की दोन टो काढून, दोन्ही टोकांना पुठ्ठा चिकटवून यूटीएमवर (ताकद मोजायच्या मशीनवर) ओढायचे. ३,००० फायबरच्या टोचं क्षेत्रफळ ०.११५ चौरस मिलिमीटर, म्हणजे कागदावर ४०० न्यूटन. कोरडा टो एवढं कधीच देत नाही, कारण सगळे फायबर एकाच वेळी ताणले जात नाहीत. पण आधीच्या पायरीशी तुलना करायला तो उत्तम आहे. ज्या पायरीला आकडा एकदम पडला, तिथे दुखणं.

वही: थर सुटणं आणि पोकळ्या

पोकळ्यांचा प्रश्न खरा असतो तो इथे. पॉलिकार्बोसिलेनची घनता १.१, त्यातून सिरॅमिक साधारण ६० टक्के उरतं आणि त्या सिरॅमिकची घनता २.४ च्या आसपास. ०.६ गुणिले १.१ भागिले २.४ म्हणजे ०.२७. पोकळी तोंडोतोंड भरली तरी एका सायकलमध्ये तिचा चतुर्थांशाहून जेमतेम जास्त भाग सिरॅमिक होतो, बाकी पुन्हा पोकळीच. ५५ टक्के पोकळ्यांपासून सुरू केलं तर सहा सायकलनंतर कागदावर ८ टक्के राहतात. झायलीनमध्ये अर्धं-अर्धं विरघळवून भिनवत असाल तर त्याच सहा सायकलनंतर साधारण २३ टक्के. 'सहा सायकल दिल्या' या वाक्याला म्हणूनच एकट्याने अर्थ नाही. द्रावण किती दाट होतं तेही सांगावं लागतं.

प्रत्यक्षात आणखी एक गोष्ट आड येते. बारच्या वर सिरॅमिकची साय धरते आणि आतल्या वाटा बंद होतात. दोन सायकलनंतर वजन वाढणं एकदम थांबलं तर काम पूर्ण झालं असं समजू नका. पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा, व्हॅक्यूममध्ये पुन्हा भिनवा आणि वजन बघा. वाढलं, तर साय होती. घासूनही एक टक्क्याच्या आत वाढ येत असेल, तेव्हा थांबा.

तापवायचा वेग हा मात्र सरळ शिस्तीचा भाग आहे. झायलीन १४० अंशांच्या आसपास उकळतं, तोवर घाई केली तर ते पॉलिमरला बाहेर ढकलत निघतं. पॉलिकार्बोसिलेन स्वतः दोनशे अंशांच्या जरा पुढे मऊ होतं. ते आधी क्रॉसलिंक झालेलं (साखळ्या एकमेकींत गुंतून घट्ट झालेलं) नसेल तर वितळून बारखाली थारोळं साचतं आणि आत काहीच राहत नाही. डायव्हिनाइलबेंझीन आणि प्लॅटिनमचा कॅटॅलिस्ट घालून हा टप्पा सांभाळतात. हवेत दोनशेच्या आत क्युअर करणं सोपं असतं, पण त्यातून शिरलेला ऑक्सिजन मॅट्रिक्समध्ये राहतो आणि पुढे बाराशेच्या वर नेलं की सिलिकॉन मोनॉक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड होऊन बाहेर पडतो, मागे छिद्रं ठेवून. तीनशे ते आठशे या पट्ट्यात हायड्रोजन आणि मिथेन मोठ्या प्रमाणात सुटतात. तिथे मिनिटाला एक अंश, त्याहून जास्त नाही. जाड बार असेल तर अर्धा. पहिल्या दोन सायकलना हे सर्वात महत्त्वाचं, कारण तेव्हा थरांना धरून ठेवणारं काहीच नसतं. तेव्हा फुगलेली थप्पी नंतर कितीही भिनवली तरी जुळत नाही.

सिलिकॉन कार्बाइडचे फायबर वापरत असाल तर

इथे तापमानाची मर्यादा फायबर ठरवतो. जपानच्या तोहोकू विद्यापीठात सेइशी याजिमा यांनी १९७५ मध्ये पॉलिकार्बोसिलेनपासून हे फायबर ओढून दाखवले आणि त्यातून पुढे निकॅलॉन आला. त्या पहिल्या पिढीच्या फायबरमध्ये दहा टक्क्यांच्या वर ऑक्सिजन असतो. बाराशे अंशांच्या पुढे तो आतून वर सांगितलेल्याच वायूंच्या रूपाने सुटतो आणि फायबर सच्छिद्र होतो. मॅट्रिक्स चांगलं स्फटिकी व्हावं म्हणून शेवटची फेरी चौदाशेला दिली आणि ताकद निम्मी झाली, अशी तक्रार आली की मी आधी फायबरचं नाव विचारतो. हाय-निकॅलॉनमध्ये क्युअरिंग हवेऐवजी इलेक्ट्रॉन बीमने करतात, ऑक्सिजन एका टक्क्याच्या आत राहतो, म्हणून तो अधिक सोसतो. डब्यावरचं पूर्ण नाव वाचा. नुसतं 'निकॅलॉन' पुरेसं नाही.

वितळलेल्या सिलिकॉनची पद्धत

कार्बन-कार्बनच्या सच्छिद्र ठोकळ्यात सिलिकॉन ओढून घ्यायचं ही पद्धत जर्मनीत श्टुटगार्टच्या डीएलआर (जर्मन अवकाश संशोधन केंद्र) संस्थेत फुलली, आणि पोर्शेच्या काही गाड्यांना २००१ पासून याच जातीच्या ब्रेक डिस्क मिळाल्या. पीआयपीच्या मानाने हे काम झटपट होतं, पण सिलिकॉनला मॅट्रिक्समधला कार्बन आणि फायबरमधला कार्बन यांतला फरक कळत नाही.

सिलिकॉन १४१४ अंशांना वितळतं. वितळल्यावर ते पातळ असतं आणि कार्बनमध्ये आपोआप शोषलं जातं. तापमान सोळाशेच्या वर नेऊन तासभर धरलं तर ते टोच्या आत घुसतं आणि फायबरचंच सिलिकॉन कार्बाइड करतं. बार कडक होतो आणि खडूसारखा मोडतो. इथे बचाव आदल्या पायरीत असतो. फिनॉलिक रेझिन जळताना आखडतं, तेव्हा टो अखंड राहून फक्त दोन टोंच्या मध्ये भेगा पडायला हव्यात. सिलिकॉन त्या भेगांत जाईल आणि टोच्या आतले फायबर कार्बनच्या वेष्टनात सुरक्षित राहतील. रेझिन आणि फायबरची पकड सैल असेल तर भेगा टोच्या आत पडतात आणि सिलिकॉनला आत वाट मिळते. म्हणजे ठोकळा भट्टीत जाण्याआधीच निकाल बराचसा ठरलेला असतो. पॉलिश केलेल्या ठोकळ्यात भेगा कुठे आहेत हे बघितल्याशिवाय सिलिकॉन टाकू नका.

उलट, काळे कोरडे पट्टे राहिले असतील, तर सिलिकॉन कमी पडलं किंवा वाटा अरुंद होत्या. १२ ग्रॅम कार्बनला २८ ग्रॅम सिलिकॉन लागतं, वर पोकळ्या भरायला वेगळं. कार्बनचं सिलिकॉन कार्बाइड झालं की त्याचं आकारमान जवळपास दुप्पट होतं, त्यामुळे अरुंद वाट स्वतःच बुजते. आणि हे काम व्हॅक्यूममध्येच करा. नायट्रोजनमध्ये सिलिकॉन नायट्राइडची साय धरते आणि सिलिकॉन आत जाऊ देत नाही.

कापणी

बार हिऱ्याच्या चकतीने, भरपूर पाण्याखाली, हळू कापा. मग १२० अंशांना रात्रभर वाळवा. पोकळ्यांत अडकलेलं पाणी घनता वाढवून दाखवतं, आणि न वाळवता पुढच्या सायकलला दिलं तर वाफ होऊन थर फुगवतं. शक्य असेल तर तिसऱ्या-चौथ्या सायकलनंतरच मापात कापून घ्या. पुढच्या सायकलमध्ये कापलेल्या कडा मॅट्रिक्सने बुजतात.

कापताना प्रत्येक बारवर तो पाटीच्या (ज्या सपाट तुकड्यातून बार कापतो त्याच्या) कुठल्या कोपऱ्यातला आहे ते लिहा, आणि पाटी भट्टीत कुठल्या दिशेला होती तेही. थर्मोकपल जागेवर आणल्यानंतरही आमचे दर डझनामागे दोन बार ताकदीत कमी येत राहिले, १८० च्या आसपास. कोपऱ्यांच्या खुणा होत्या म्हणून कळलं की ते कायम वायू बाहेर पडतो त्या टोकाचे असतात. मिथेन तिथवर पोहोचेतो विरळ होत होता. आता कोटिंगच्या मध्यावर भट्टी थंड करून कापडाची दिशा फिरवतो, आणि दोन्ही टोकांच्या कापडाचं वजन वेगवेगळं करतो. शेवटच्या दोन बॅचमध्ये दोन्ही टोकं नऊ टक्क्यांच्या आसपास आली.